चेंडू हातात आला, मग कॅच का नाही? एनएफएल पाहताना या चुका टाळा

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा सामना. रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) उडी घेतो, चेंडू दोन्ही हातांत पकडतो, खाली येतो, बचावपटू त्याला आडवा करतो आणि चेंडू निसटतो. दिवाणखान्यातले अर्धे ‘कॅच’ म्हणून ओरडतात, उरलेले अर्धे ‘सुटला, सुटला’ म्हणतात. मग रिप्ले सुरू होतो, तोच क्षण पाच कोनांतून दाखवला जातो, आणि शेवटी जो निर्णय येतो तो निम्म्या लोकांना अन्याय वाटतो.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मंडळी पहिल्याच मोसमात या प्रश्नावर अडखळतात. सुपर बोलसाठी, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यासाठी, भारतात सोमवारी पहाटे पाचला उठणाऱ्यांचीही तीच गत होते. तिथे जन्मलेल्या, लहानपणापासून हा खेळ पाहणाऱ्या लोकांचंही यावर एकमत होत नाही, त्यामुळे यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. २०१८ पासून लागू असलेला नियम चांगला आहे आणि समजायलाही फारसा कठीण नाही. बहुतेक गोंधळ होतो तो आपण चुकीची गोष्ट आधी पाहतो म्हणून. आपली नजर चेंडू सुटला त्या शेवटच्या क्षणावर खिळते. पाहायला सुरुवात करायची ती मात्र चेंडू हातात आला तिथून.

आधी नियम नीट समजून घ्या

पुढे फेकलेला पास पूर्ण झाला असं म्हणायला तीन गोष्टी लागतात, आणि त्या याच क्रमाने लागतात. पहिली म्हणजे ताबा: चेंडू जमिनीला लागण्याआधी हातांत किंवा बाहूंत पक्का धरलेला हवा. दुसरी म्हणजे मैदानातला स्पर्श: ताबा मिळाल्यावर दोन्ही पाय, किंवा हाताचे पंजे सोडून शरीराचा दुसरा कोणताही भाग, सीमारेषेच्या आत जमिनीला लागायला हवा. तिसरी म्हणजे खेळातली एखादी नेहमीची कृती: चेंडू पोटाशी घेणं, पुढे ताणणं, आणखी एक पाऊल टाकणं, पुढच्या दिशेने वळणं, समोरच्याला चुकवणं किंवा हाताने दूर लोटणं. ही कृती प्रत्यक्ष केलीच पाहिजे असंही नाही. ती करता येईल इतका वेळ चेंडू ताब्यात राहिला तरी पुरतं.

इंटरसेप्शनलाही हेच तीन निकष लागतात. बचावपटूने पकडलेला चेंडू आणि रिसीव्हरने पकडलेला चेंडू यांत नियम भेद करत नाही, पण घरात बसलेले आपण आवडत्या संघानुसार हमखास करतो.

चूक: ताबा येण्याआधीचे पाय मोजणं

साइडलाइनजवळचा झेल पाहताना सगळ्यांची नजर बुटांकडे जाते. एक पाय, दोन पाय, दोन्ही आत, झाला कॅच! पण पहिला पाय टेकला तेव्हा चेंडू अजून बोटांवर नाचत होता का, हे कोणी पाहिलेलंच नसतं. चेंडू घट्ट होण्याआधी टेकलेला पाय हिशेबात धरत नाहीत. पाय मोजायला सुरुवात होते ती ताबा आल्यानंतर. म्हणून रिप्ले पाहताना आधी हातांकडे पाहा, चेंडू स्थिर झाला ती फ्रेम मनात पकडा, आणि मगच खाली पायांकडे नजर वळवा.

याचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे १ फेब्रुवारी २००९ चा सुपर बोल. पिट्सबर्ग स्टीलर्स ॲरिझोना कार्डिनल्सच्या मागे होते आणि सामन्याचं शेवटचं मिनिट चालू होतं. बेन रॉथलिसबर्गरने एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवायच्या पट्ट्याच्या) उजव्या कोपऱ्यात, तीन बचावपटूंच्या डोक्यांवरून चेंडू टाकला. सँटोनिओ होम्सने शरीर पूर्ण ताणून तो डोक्यावर पकडला. त्याचं सगळं वजन रेषेबाहेर झुकलं होतं, पण दोन्ही बुटांची टोकं आतल्या गवतावर टेकलेली होती. त्या चित्रात आधी हात आणि मग पाय हा क्रम इतका स्वच्छ दिसतो की नियम शिकवायला ती एकच फ्रेम पुरेल. रिप्लेतही टचडाउन (एंड झोनमध्ये चेंडू नेऊन मिळणारे गुण) कायम राहिला आणि स्टीलर्स २७-२३ असे जिंकले.

उलट उदाहरण ५ सप्टेंबर २०२४ चं. मोसमाचा पहिलाच सामना, कॅन्सस सिटीत, बाल्टिमोर रेव्हन्सचा शेवटचा प्रयत्न. लमार जॅक्सनचा पास आयझेया लाइकलीने एंड झोनच्या मागच्या टोकाला पकडला. मैदानावर टचडाउन दिला गेला, पण रिप्लेत दिसलं की बुटाचं टोक मागच्या रेषेवर होतं. रेषा म्हणजे बाहेर. निर्णय फिरला आणि चीफ्स २७-२० ने जिंकले. बोटभर अंतराचा हा फरक होता, आणि लाइकलीने झेल घ्यायला काहीच कमी ठेवलं नव्हतं.

पायांच्या बाबतीत आणखी काही बारकावे आहेत. एक गुडघा, एक कोपर किंवा पाठ आत टेकली तर ती दोन पायांच्या बरोबरीची धरतात. नुसता पंजा आत टेकला तर त्याला किंमत नाही, मात्र तोच पंजा बाहेर टेकला तर रिसीव्हर बाहेर गेला. बुटाचं टोक आत घासत गेलं तर ते चालतं. पण टोक आत पडून त्याच पावलाच्या ओघात टाच रेषेवर आली, तर ते पाऊल बाहेरचंच.

शनिवारी कॉलेजचे सामने पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथे एक पाय आत पुरतो. रविवारी एनएफएलला दोन लागतात. अमेरिकन विद्यापीठांत शिकणारी आपली मुलं आधी कॉलेज फुटबॉलला लागतात आणि मग इथे येऊन ‘आत तर होता’ म्हणून वाद घालतात, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

चूक: चेंडू जमिनीला लागला की सगळं संपलं असं समजणं

ही चूक खास आपली, कारण आपला डोळा क्रिकेटवर पोसलेला आहे. स्लिपमधल्या झेलाखाली बोटं होती की चेंडू गवताला लागला, हे पाहायला तिसरा पंच झूम करतो, आणि गवत दिसलं की फलंदाज नाबाद. तोच निकष आपण नकळत इथे लावतो. एनएफएलमध्ये मात्र चेंडू जमिनीला लागूनही झेल वैध ठरू शकतो. अट इतकीच की ताबा आधी आलेला हवा आणि जमिनीच्या स्पर्शाने तो सुटता कामा नये. चेंडू पकडायला जमिनीची मदत घेतली तर मात्र झेल अवैध.

ही सवलत एका कडू प्रसंगानंतर स्पष्ट झाली. २३ जानेवारी २००० रोजी टँपा बे बकनिअर्स आणि सेंट लुइस रॅम्स यांच्यात एनएफसीचा, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाचा, अंतिम सामना होता. शेवटच्या मिनिटात बर्ट इमॅन्युएलने खाली झेपावत एक पास पकडला. चेंडू त्याच्या हातांत होता, पण त्याचं टोक जमिनीला लागलं. रिप्ले पाहून झेल रद्द झाला आणि टँपा ११-६ ने हरला. पुढच्याच मोसमासाठी लीगने स्पष्ट केलं की ताबा कायम असेल तर नुसत्या जमिनीच्या स्पर्शाने झेल बाद होत नाही. त्या बदलाला आजही इमॅन्युएलच्या नावाने ओळखतात.

ज्युलियन एडलमनचा ५ फेब्रुवारी २०१७ चा झेल याच्या शेजारी ठेवून पाहावा. सुपर बोलच्या चौथ्या क्वार्टरमध्ये टॉम ब्रेडीचा पास ॲटलांटाच्या बचावपटूच्या हाताला लागून उडाला, आणि तीन जणांच्या हातापायांच्या गुंत्यात एडलमनने तो गवतापासून अगदी थोड्या अंतरावर धरला. क्षणभर सुटला, पुन्हा धरला. ॲटलांटाने आव्हान दिलं, पण रिप्लेत चेंडूखाली बोटं स्पष्ट दिसत होती. चेंडू पहिल्या वेळी हातातून सुटला म्हणून झेल संपत नाही. तो जमिनीवर पडेपर्यंत हवेतच असतो आणि पुन्हा पकडता येतो.

याच्याशी जुळी चूक म्हणजे चेंडू हातात जरा हलला की ‘ताबा गेला’ म्हणणं. नुसत्या हालचालीने ताबा सुटत नाही. चेंडू पंज्यातून बाहूकडे सरकवतानाही तो हलतोच. तो रिसीव्हरच्या मर्जीने हलतोय की मर्जीबाहेर, इतकंच पाहायचं.

चूक: तिसरा निकष विसरणं

सगळी मोठी भांडणं इथे झाली आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

१२ सप्टेंबर २०१०, शिकागोचं सोल्जर फील्ड. डेट्रॉइट लायन्स १९-१४ असे मागे. शेवटच्या मिनिटात शॉन हिलने २५ यार्डांवरून फेकलेला चेंडू केल्विन जॉन्सनने एंड झोनमध्ये बचावपटूच्या वर उडी मारून घेतला. दोन्ही पाय टेकले, मग बूड टेकलं. अंग वळवून उठता उठता त्याने चेंडू एका हातात धरून जमिनीवर टेकवला, आणि चेंडू हातातून निसटला. टचडाउनची खूण आधी झालीही होती. तरी झेल अवैध ठरला, कारण तेव्हाचा नियम सांगत होता की पडता पडता चेंडू पकडणाऱ्याने जमिनीशी गाठ पडून संपेपर्यंत ताबा राखला पाहिजे. लायन्स हरले.

११ जानेवारी २०१५, ग्रीन बे. प्लेऑफचा (बाद फेरीचा) सामना, डॅलस काउबॉइज २६-२१ ने मागे, चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा) आणि आणखी दोन यार्ड हवे होते. टोनी रोमोने डावीकडे लांब पास टाकला. डेझ ब्रायंटने सॅम शील्ड्सच्या वर उडी घेऊन तो पकडला, तोल जात असतानाही पावलं टाकली आणि गोललाइनकडे (एंड झोन सुरू होतो त्या रेषेकडे) हात ताणला. चेंडू जमिनीवर आपटून वर उडाला. मैदानावर झेल दिला होता, चेंडू एक यार्डावर. ग्रीन बेचे प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांनी आव्हान दिलं आणि निर्णय फिरला. ‘डेझने पकडला होता’ हे वाक्य त्यानंतर टेक्ससमध्ये टीशर्टांवर छापलं गेलं. शिकागो आणि ग्रीन बे, दोन्ही सामन्यांचे रेफरी जीन स्टेरेटोरच होते, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं. चूक नियमातच होती.

मग १७ डिसेंबर २०१७. पिट्सबर्गमध्ये पेट्रियट्सविरुद्ध शेवटचं अर्धं मिनिट. स्टीलर्सच्या जेसी जेम्सने गोललाइनच्या अलीकडे चेंडू पकडला, गुडघा टेकला, वळला आणि चेंडू रेषेपार नेला. जमिनीवर येताना चेंडू हातात फिरला आणि गवताला लागला. टचडाउन रद्द. त्यानंतरच्या दुसऱ्या प्रयत्नात रॉथलिसबर्गरचा पास एंड झोनमध्ये बचावपटूने पकडला आणि पेट्रियट्स २७-२४ ने जिंकले.

जेम्सने रेषा पार केली होती, मग टचडाउन का नाही, असा प्रश्न आजही विचारला जातो. चेंडूने गोललाइन ओलांडताच टचडाउन ही सवलत चेंडू घेऊन धावणाऱ्याला असते. ज्याचा झेलच अजून पूर्ण झालेला नाही तो धावणारा ठरत नाही. म्हणून एंड झोनमध्ये पकडलेल्या पासालाही तिन्ही निकष लागतात. दोन पाय टेकल्याबरोबर बचावपटूने ठोसा मारून चेंडू उडवला, तर तो इनकम्प्लीट, म्हणजे अपूर्ण पास.

हे ध्यानात ठेवून ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमधला झॅक अर्ट्झचा टचडाउन पाहा. चेंडू जमिनीवर आपटून जेम्ससारखाच उडाला होता, पण टचडाउन कायम राहिला. अर्ट्झने चेंडू पकडून पावलं टाकली होती आणि मग गोललाइनवर झेप घेतली होती. तो धावणारा झालेला होता, त्यामुळे रेषा ओलांडल्यावर चेंडूचं काय झालं याला महत्त्व उरलं नाही. फिलाडेल्फिया ४१-३३ ने जिंकलं.

त्या मोसमानंतर संघमालकांनी मार्च २०१८ मध्ये एकमताने नियम बदलला, बत्तीसपैकी बत्तीस मतांनी. ‘जमिनीशी गाठ संपेपर्यंत’ ही अट गेली आणि वर सांगितलेले तीन निकष आले. स्पर्धा समितीवरच्या न्यूयॉर्क जायंट्सच्या जॉन मारा यांनी त्याआधीच उघड सांगितलं होतं की ब्रायंट आणि जॉन्सन यांचे झेल झेलच धरले जायला हवेत. आज तो ब्रायंटचा क्षण पाहिला की तिसरा निकष त्यात ठळक दिसतो: पाऊल टाकलं, हात ताणला. पुढे जमिनीने काहीही केलं तरी झेल झालेला आहे.

पण यातून ‘आता जमिनीचा संबंधच नाही’ असा उलटा अर्थ काढू नका. ताबा आला, पाय टेकले, पण तिसरी गोष्ट घडायच्या आत रिसीव्हर आपटला आणि चेंडू सुटून जमिनीला लागला, तर पास आजही अपूर्णच आहे. जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून नियम शिकणाऱ्यांनी तारीख आधी पाहावी. २०१८ पूर्वीचे निर्णय आजचा नियम शिकवत नाहीत.

चूक: ‘दोन पाय टेकले की कॅच, एवढं सोपं ठेवा’ असं म्हणणं

ही सूचना मी आदराने पण ठामपणे नाकारतो. झेल लवकर पूर्ण धरला, तर त्यानंतर सुटलेला प्रत्येक चेंडू फंबल, म्हणजे कोणीही उचलावा असा मोकळा चेंडू होतो. म्हणजे पास पकडताक्षणी बचावपटूचा खांदा छातीत बसला आणि चेंडू उडाला, तर आज तो इनकम्प्लीट असतो आणि आक्रमक संघ पुढचा डाउन खेळतो. तिसरा निकष काढून टाका, मग तोच चेंडू मोकळा झाला आणि समोरचा संघ तो उचलून पळत सुटला. शिवाय बचावपटूंना त्याच पहिल्या क्षणी जोराने धडक मारायचा मोह वाढेल तो वेगळाच. तिसरा निकष रिसीव्हरला संरक्षण देतो.

यातच आणखी एक गैरसमज अडकलेला आहे. ‘जमिनीमुळे फंबल होत नाही’ हे समालोचक सारखं म्हणतात आणि लोक ते झेलालाही लावतात. झेल पूर्ण झाला, प्रतिस्पर्ध्याने स्पर्श करून पाडलं आणि गुडघा किंवा कोपर टेकल्यावर चेंडू सुटला, तर फंबल नाही, हे खरं. पण झेल पूर्ण झालाच नसेल तर जमीन पास अपूर्ण ठरवू शकते. आणि कोणी हात न लावता रिसीव्हर स्वतःच घसरून पडला व चेंडू सुटला, तर जमिनीमुळेही फंबल होतो.

चूक: दोघांनी धरला म्हणजे बरोबरी

दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकाच वेळी चेंडू धरला आणि दोघांनीही सोडला नाही, तर तो पास टाकणाऱ्या संघाचा. पण एकाने आधी ताबा मिळवला आणि दुसऱ्याने नंतर हात घातला, तर पहिल्याचा. २४ सप्टेंबर २०१२ रोजी सिअ‍ॅटलमध्ये रसेल विल्सनने शेवटच्या क्षणी फेकलेला चेंडू ग्रीन बेच्या एम. डी. जेनिंग्जने छातीशी घेतला आणि गोल्डन टेटने त्यात हात गुंतवला. नेहमीच्या पंचांशी लीगचा करार अडला होता, म्हणून बदली पंच होते. शेजारी शेजारी उभ्या दोन पंचांनी वेगवेगळ्या खुणा केल्या. टचडाउन कायम राहिला आणि सिअ‍ॅटल १४-१२ ने जिंकलं. चित्र पाहिलं की मला तरी जेनिंग्जचे हात आधी दिसतात. टेटने उडीआधी बचावपटूला ढकललं होतं आणि त्यासाठी दंड व्हायला हवा होता, हे लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केलं. त्याच आठवड्यात नेहमीचे पंच परतले.

चूक: स्लो मोशनवर वेळ ठरवणं

पाय रेषेवर आहे का, चेंडूखाली बोटं आहेत का, हे पाहायला स्लो मोशनसारखं साधन नाही. पण तिसरा निकष वेळेचा आहे आणि स्लो मोशन वेळच ताणतं. संथ चित्रात रिसीव्हरला चेंडू पोटाशी घ्यायला भरपूर अवधी होता असं वाटतं, खऱ्या वेगात डोळ्याचं पातं लवायच्या आत धडक बसलेली असते. म्हणून ताबा आणि पाय संथ गतीत तपासा, वेळ मात्र पूर्ण वेगात. शंका असेल तर तो क्षण खऱ्या वेगात पुन्हा लावा आणि मनात पावलं मोजा: एक, दोन, आणि तिसरं पडलं का?

रिप्लेचा निकाल ऐकतानाही शब्द नीट ऐका. निर्णय ‘कन्फर्म्ड’ असेल तर चित्रातून मैदानावरचा निर्णय बरोबर असल्याचं दिसलं. ‘स्टँड्स’ म्हटलं तर तो बदलण्याइतका स्पष्ट पुरावा मिळाला नाही, एवढंच. मैदानावर झेल दिला होता की नाकारला होता, यावर अशा वेळी सगळं अवलंबून असतं. एकसारखे दिसणारे दोन झेल एकाच रविवारी वेगळे ठरतात ते बरेचदा यामुळे. म्हणून रिप्ले सुरू होण्याआधी रेषेजवळच्या पंचाने हाताने काय खूण केली, ती पाहून ठेवा.